न कापलेला तुकडा

काटेवाला उठून गेला तरी त्याचा कप उचलायला कुणी पुढं झालं नाही. अंगणात मधोमध खुर्ची, खुर्चीखाली कप, आणि भोवती घरातली माणसं अशी उभी, की साप निघालाय पण काठी कुणी आणायची हे अजून ठरलेलं नाही.

तसा माणूस काही वाईट बोलला नव्हता. वाईट बोलला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. गावच्या वजनकाट्यावर बसणारा हा गृहस्थ. ह्या घराच्या गवताचे भारे त्यानं वर्षानुवर्षं तोलले, आत्या आजारी होती तेव्हा फळं घेऊन आला. आज त्याच सुरात, चहात साखर जरा कमी आहे असं म्हणावं तसं म्हणाला, "तुमच्या त्या न कापलेल्या तुकड्यात लांडगी शिरलीय म्हणे. गावात पोरंबाळं आहेत. दुपारी वारा तळ्याकडं वळला, की तुमच्याच हातानं पेटवून द्या. आम्ही पेटवलं तर बरं दिसत नाही. आणि आमची पोरं एकदा पेटवायला लागली, की कुठं थांबायचं ते त्यांना समजत नाही. तुमचं घरही गवताचंच आहे, आत्याबाई."

एवढं बोलून त्यानं छपराकडं मान वर करून पाहिलं. चांगलं शाकारलंय, असंही म्हणाला.

लांडगी. सगळा गाव परवापासून लांडगीचंच बोलत होता. तळ्याचं पाणी कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांनी नासवलं, त्यानं गुरं मेली, अशी आवई उठली. त्याच संध्याकाळी रंगारगल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत जळली. गल्लीतली माणसं कुठं गेली हे कुणी विचारत नव्हतं. लांडगी कुठं गेली याची मात्र गावाला केवढी काळजी. बांधावर हातात कोयते घेतलेली माणसं बसवली होती ती लांडगीसाठीच, म्हणे.

वहिनी खांबाला टेकून उभी होती. थोरल्याची, म्हणजे दादाची बायको, ह्या घराची मोठी सून. त्या तुकड्यात काय आहे हे तिला माहीत होतं, आणि ते सांगायची तिला बंदी होती.

तो काय प्रकार आहे ते सांगितलं पाहिजे. तळ्याकाठची सगळी पाणथळ ह्या घराची. पाणकणीस कापायचं, वाळवायचं, त्याच्या चटया विणायच्या, लोकांची छपरं शाकारायची, हा धंदा पणजोबापासूनचा. दर हंगामात सगळं कापतात, मधला एक मोठा तुकडा सोडून. तो का सोडायचा ते घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेला एकदा सांगतात आणि पुन्हा कधी तो विषय काढत नाहीत. त्या तुकड्यात जो शिरेल, मग पाखरू असो, जनावर असो की माणूस, तो आपल्या आसऱ्याला आला. आपण बघायचं नाही. विचारायचं नाही. कुणाला सांगायचं नाही, घरातल्या घरातसुद्धा नाही. काठाला दोरीनं बांधलेली एक सपाट होडी आहे. वाटलं तर तीत खायला ठेवावं, होडी आत ढकलावी आणि पाठ फिरवून यावं. जे आपल्याला माहीत नाही ते आपल्याकडून कुणी वदवून घेऊ शकत नाही, असा त्यात हिशेब.

वहिनीला हे सगळं पहिल्यापासून खुळचटपणाचं वाटत आलं होतं. परवा संध्याकाळी मात्र आत कुणीतरी खोकलं, तसे तिचे पाय आपोआप स्वयंपाकघराकडं वळले. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी सगळ्यांची नजर चुकवून डबा नेत होती.

"पडवीत चला सगळे," आत्या म्हणाली. "अंगणात बांधावरून दिसतं."

*

चटया विणायच्या पडवीत चौघंच बसली. आत्या पाटावर, वहिनी दाराशी. दोन भाऊ समोरासमोर, मधे अर्धवट विणलेली चटई. लग्नावरून भांडण झालं त्या वर्षापासून धाकट्यानं ह्या पडवीत पाय ठेवला नव्हता. त्यानं रंगाऱ्याची मुलगी केली, वहिनीनं तिच्या हातचं पाणी घेतलं नाही, दादा मूग गिळून बसला, आणि धाकटा आपला वाटा न मागता गावात चटयांचं दुकान टाकून राहिला. आज आला तो काटेवाल्याच्या गाडीतून. काटेवाला गेला, हा मागं राहिला.

दादाला ते गाडीचं सहन होत नव्हतं.

"त्याच्या गाडीतून आलास."

"मग कुणाच्या येऊ? दुकानाची चावी गाववाल्यांकडं. दोन रात्री मीही त्यांच्याकडंच होतो, पंचायतीच्या खोलीत. सकाळी दार उघडलं आणि म्हणाले, चल, तुझ्या घरी जायचंय."

"आणि तुझी बायको? तुमची बबडी?"

"काटेवाल्याच्या गोदामात आहेत. परवा ती पोरीला घेऊन माहेरी कामाला गेली होती. गल्ली पेटली तेव्हा त्यानंच आत घेतलं म्हणाला. सुखरूप आहेत."

"म्हणाला. तू पाहिलंस?"

धाकटा चटईचे धागे उगाच चाचपत राहिला. "दाराला कुलूप होतं. मी हाक मारली. तो म्हणाला, आत्ता झोपल्यात, उठवू नकोस." मग एकदम मान वर करून म्हणाला, "हे काम झालं की दोघींना घेऊन जा, असं म्हणालाय. नाही झालं तर काय, ते म्हणाला नाही. मी विचारलंही नाही. दादा, मला भीती वाटतेय. मला इतकी भीती वाटतेय की तुला सांगता येत नाही."

उभा जन्म ह्या भावानं त्या तुकड्याची बाजू घेतली होती. दर हंगामाला दादा म्हणायचा, यंदा कापून टाकू, नुसती जागा अडलीय. आणि घरात होता तोवर हाच आडवा यायचा. आज तोच जाळायचं म्हणतोय, आणि दादाला नको म्हणायचंय. नशीब माणसाची काय थट्टा करील सांगता येत नाही.

"आत लांडगीच आहे ना?" धाकटा म्हणाला. "असेल तर असू दे. जळली तर जळू दे. एका जनावरासाठी मी बायको-पोर घालवू? बोला की कुणीतरी."

आत्या आपल्या पायांकडं बघत होती. वहिनीनं दाराबाहेर एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आत माणूस आहे."

"सूनबाई," आत्या म्हणाली. तेवढंच.

"माहीत आहे, आत्या. सांगायचं नसतं. पण आज नाही तर कधी सांगू, जळल्यावर? परवा संध्याकाळपासून मी डबा ठेवतेय. कुणीतरी एकटंच आहे बिचारं. खोकल्याचा आवाज ऐकलाय मी."

दादा तिच्याकडं बघतच राहिला. "तू ठेवतेस?"

"हो. काय करायचंय ते करा."

"अगं, मी ठेवतोय. रोज पहाटे. अंडी, दूध, कालचं उरलेलं." त्याला हसूही येत होतं आणि घामही फुटला होता. "तू म्हणतेस ना, दूध कुठं जातं? मांजरावर आळ घेतेस. ते मी नेतो."

दोघांनी मिळून आत्याकडं पाहिलं. म्हातारीनं पदर सारखा केला.

"दुपारी तुम्ही आडवे होता तेव्हा मी जाते," ती म्हणाली. "माझ्या वाटणीचं सगळंच ठेवते. मला तशीही भूक नसते."

आता हिशेब कुणालाही करता आला असता. तरी तो करायला थोडा वेळ लागला, कारण करायची कुणाची इच्छा नव्हती. वहिनीनंच शेवटी केला.

"होडी दर वेळी चाटूनपुसून रिकामी येते," ती सावकाश म्हणाली. "एकट्या माणसाला इतकं जात नाही."

"नाही जात," दादा म्हणाला.

"किती असतील?"

"मोजायचं तर बघावं लागेल," आत्या म्हणाली.

ह्या घराखेरीज दुसऱ्या कुठल्या घरात अशी गंमत झाली नसती. एका छपराखाली तिघं जणं एकमेकांपासून चोरून एकाच होडीत जेवण ठेवत होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच एका जिवाला जगवतोय. तिकडं आत सगळी गल्ली बसलेली. गंमत वाटावी असा दिवस मात्र नव्हता.

धाकटा अर्धवट उठला. "म्हणजे त्याला माहीत आहे. काटेवाल्याला सगळं माहीत आहे. लांडगीबिंडगी काही नाही. माझ्या सासरची माणसं माझ्याच हातानं जाळायचीत त्याला."

"मग पेटवायचं नाही," दादा म्हणाला. "विषय संपला."

"कसा संपला?" हे वहिनी म्हणाली, आणि सगळे चमकले. आत्ता आत्ता तिनंच तर तोंड उघडलं होतं. "मी एक माणूस म्हटलं होतं. एकाला रात्रीत कुठंतरी काढून दिलं असतं. एवढी माणसं म्हणजे गाव आपल्याला सोडेल का? तो छपराकडं कसा बघत होता, पाहिलंत ना? मला माझं घर जळायला नकोय. तुम्ही मला काहीही म्हणा. आणि भावजींची बायको, ती पोर, त्यांचं काय? तिकडची माणसं वाचवायला आपली द्यायची?"

"वहिनी बरोबर बोलतेय," धाकटा म्हणाला. कित्येक वर्षांत तो तिच्या बाजूनं पहिल्यांदा बोलला, आणि ते दोघांनाही आवडलं नाही.

आत्यानं काठी जमिनीवर टेकवली. "तुमची पणजी कुठून आली, ठाऊक आहे का दोघांना?"

"आत्या, आत्ता नको."

"आत्ताच. तिकडं लढाई चालली होती, गावंच्या गावं पळत होती. तुमचा पणजोबा कापणीला आला आणि आत कुणीतरी रडतंय म्हणून त्यानं तेवढं कापायचं ठेवून दिलं. बघितलं नाही, विचारलं नाही, भाकर ठेवून गेला. पुढं ती आपण होऊन बाहेर आली. म्हणून तुम्ही आहात. कातडीवाल्यांनी सगळ्या तळ्यातली पाणमांजरं मारली तेव्हा उरलेली तिथंच शिरली, अजून तिथंच आहेत. माझ्या लहानपणी एका थंडीत दोन पलटणींतले दोन पळपुटे शिपाई आत राहिले. एकमेकांचे वैरी, आणि शेजारी दुसरा आहे ह्याचा पत्ता दोघांनाही नाही. माझा बाप दोघांना जेवू घालायचा आणि हसायचा. तेव्हाही आमच्या पाचावर धारण बसलेली असायची, सूनबाई. भीती काही तुझ्यापासून सुरू झाली नाही."

"मग मी काय करू ते सांग ना," धाकटा म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो ते पुसत नव्हता. "पेटवलं तर ती माणसं मरतात. नाही पेटवलं तर बबडी. तुझ्या बापानं असं काही ठरवलं होतं का कधी?"

"नाही," आत्या म्हणाली. तेवढा प्रामाणिकपणा तिच्यात होता.

उत्तर दादानं काढलं, तेही इतकं हळू बोलून की सगळ्यांना पुढं वाकावं लागलं. "पेटवू. पण दुपारपर्यंत थांबायचं नाही, आत्ताच पेटवू. वारा अजून तळ्याकडून बांधाकडं येतोय. काल कापलेल्या गंज्या तुकड्याच्या आणि बांधाच्या मधे पडल्यात, ओल्या आहेत. ओलं गवत जळत नाही, धुमसतं. सगळा धूर त्या कोयतेवाल्यांच्या डोळ्यांत जाईल, त्यांना स्वतःचा हात दिसायचा नाही. तेवढ्या वेळात आतली माणसं पाण्याच्या चरीतून धक्क्यावर येतील. कापणीच्या होड्या तिथंच आहेत. पलीकडं जुन्या खाणीत गेली की तिथून डोंगर."

"आणि वारा फिरल्यावर?" वहिनीनं विचारलं.

"फिरल्यावर आग तुकड्यात शिरेल. खरोखरच जळेल तो. काटेवाल्याला जे पाहिजे ते बघायला मिळेल. छोट्याचं काम झालं, दोघींना सोडावं लागेल."

"तुकडा जाईल," आत्या म्हणाली.

"पाणकणीस पुन्हा येतं, आत्या."

आत्या उठायला लागली, तेव्हा तिला हात द्यायला वहिनी पुढं झाली.

"पलिता माझ्याच हातात पाहिजे," धाकटा म्हणाला. "बांधावरचे माझ्याकडंच बघत असणार."

*

आत्या काठावर जाऊन उभी राहिली, तुकड्याकडं पाठ करून. आयुष्यभर ती अशीच उभी राहत आली होती, पण बोलली कधी नव्हती. बांधावरची माणसं लांब होती. तरी त्यातला एक उठून उभा राहिलेला तिला दिसला, आणि आपल्या म्हातारपणाचा तिला पहिल्यांदाच उपयोग वाटला. म्हातारी बाई काठावर एकटीच पुटपुटत असली तर कुणी लक्ष देत नाही.

"ऐका," ती म्हणाली. "जो कुणी असाल तो. आता इथं धूर होईल. घाबरू नका म्हणत नाही, मलाच भीती वाटतेय. धूर दाट झाला की डाव्या हाताच्या चरीतून निघायचं. पाणी छातीपर्यंत आहे, पोरांना खांद्यावर घ्या. चर धक्क्यावर येते. तिथं होड्या आहेत, आणि आमचा एक माणूस आहे, तो तुमच्याकडं बघणार नाही. पलीकडं खाण. वारा फिरायच्या आत निघा. नंतर ही जागा राहणार नाही."

आतून काहीच आवाज आला नाही. वाऱ्यानं कणसं हलली तेवढीच. तिला वाटलं, आपण सगळे खुळे झालो, आत कुणीच नाही, पाणमांजरांनी डबे खाल्ले. मग अगदी जवळून, इतक्या जवळून की तिच्या मानेवर काटा आला, एक पुरुषाचा आवाज म्हणाला, "बरं."

आणि त्या एका शब्दामागं कितीतरी माणसांनी एकदम रोखलेला श्वास सोडला. आत्या काठीच्या आधारानं घराकडं निघाली आणि वाटेत एकदाही थांबली नाही, कारण थांबली असती तर खाली बसली असती.

*

पहिली गंजी पेटायला वेळ लागला. धाकट्याचा पलिता दोनदा विझला. तिसऱ्यांदा गवतानं धरलं, आणि पिवळा-पांढरा धूर निघाला तो सरपटत बांधाकडं गेला. दुसरी पेटवली, तिसरी पेटवली. तळ्यावरची बदकं थव्यानं उठली. बांधावरून खोकल्याचे, शिव्यांचे आवाज येऊ लागले, मग तेही लांब गेले.

ठरल्याप्रमाणं धाकटा धक्क्याच्या तोंडाशी उभा राहिला, तळ्याकडं पाठ करून, हातात जळता पलिता. जरा मागं, होड्यांपाशी, दादा पाण्यात उतरला होता. दोघा भावांच्या मधल्या वाटेनं ती माणसं जायची होती.

आधी पाण्याचा आवाज आला. मग ओल्या पावलांचा. कुणी बोलत नव्हतं. कुणालातरी उचकी लागली होती, ती तोंडावर हात दाबून धरल्यासारखी ऐकू येत होती. माणसं त्याच्या पाठीमागून, हाताच्या अंतरावरून जात होती, आणि त्यात त्याचा सासरा असेल, मेव्हणे असतील, लग्नात ज्यांच्या पंगतीला बसला ती सगळी असतील. त्याला वळून बघावंसं वाटत होतं. धूर मधेच फाटत होता आणि बांधावर कुणीतरी अजून उभं होतं, म्हणून तो वळला नाही. मनाशी म्हणत राहिला, बबडी गोदामात आहे. ती झोपलीय. आज संध्याकाळी मी तिला खांद्यावर घेऊन घरी जाईन.

मग समोरून लांडगी आली.

खरी लांडगी. चरीच्या काठानं, पोट जमिनीला टेकवत, एक पाय उचलून धरलेला. ती त्याच्यापासून इतक्या जवळ थांबली की तिच्या अंगावरच्या भाजलेल्या केसांचा वास त्याला आला. गल्लीच्या आगीतच होरपळली असावी. गावाला लांडगीचं नुसतं निमित्त हवं होतं आणि लांडगी होतीच. दोन रात्री ती आणि ती माणसं एकाच गवतात बसून राहिली होती. तिनं पलित्याकडं पाहिलं. मग ती वाट सोडून पाण्यात शिरली आणि धुरात दिसेनाशी झाली.

मागची पावलं विरळ झाली, मग थांबली. होड्या धक्क्यावरून सुटल्याचा आवाज आला. दादाची हलकी शीळ आली. झालं, असा तिचा अर्थ. सगळे आले का, हे दादाला माहीत असायचं कारण नव्हतं. त्यानंही पाहिलं नव्हतंच.

धाकट्यानं पलिता चिखलात खुपसला. त्याला हलकं हलकं वाटायला लागलं होतं. एवढ्यात बांधाच्या बाजूनं, नाकाला ओला रुमाल लावून, काटेवाला आला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"घाई केलीस," तो म्हणाला. "दुपारचं सांगितलं होतं. पण ठीक आहे. वारा फिरेलच आता."

"तुमचं काम झालं. आता मला गोदामाची किल्ली द्या."

"कसली किल्ली?"

"बबडी आणि तिची आई."

"हां, ते." काटेवाल्यानं रुमालाची दुसरी घडी नाकाला लावली. "अरे, त्या दोघी माझ्याकडं कधी आल्याच नाहीत. गोदामात पोती आहेत. तुझा हात चालावा म्हणून म्हणालो तसं. मनाला लावून घेऊ नकोस." आणि खोकत खोकत तो आल्या वाटेनं परत गेला.

धाकटा तिथंच उभा राहिला. गोदामात नाहीत. गल्ली पेटली तेव्हा गोदामात गेल्या नाहीत, तर गेल्या कुठं? बायकोला ह्या गावात आसऱ्याचं दुसरं ठिकाण ठाऊक कुठं होतं? लग्नाच्या पहिल्या आठवड्यात आत्यानं तिला बाजूला घेऊन तुकड्याचं सांगितलं होतं. ह्या घरात तिच्याशी कुणी धड बोललं असेल तर ते तेवढंच.

"दादा," तो ओरडला. "होडीत बबडी होती का?"

"मी बघितलं नाही रे," दादा म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळताच त्याचा आवाज बदलला. "छोट्या, मी कुणाकडंच बघितलं नाही."

गालाला लागणारा वारा थांबला होता. धूर जागच्या जागी उभा राहिला, मग हळूहळू तळ्याकडं कलायला लागला. धाकट्यानं चरीत उडी घेतली. मागून दादा हाका मारत होता, उरलेली एक होडी धरून ठेवतो म्हणत होता. धाकट्याला निम्मं ऐकू आलं नाही. ह्या घरातलं कुणीही कधी जिथं शिरलं नव्हतं तिथं तो शिरला. कणसं डोक्याच्या वर, पाणी छातीला, पायाखाली चिखल. तो बायकोला हाक मारत होता, पोरीला हाक मारत होता, आणि आपलाच आवाज ऐकून आणखी घाबरत होता.

दोघी आतल्या मोकळ्या जागेत उभ्या होत्या. गवत दाबून बसायला केलेलं, डब्यांची झाकणं पडलेली, बाकी कुणी नाही. बायकोनं बबडीला कमरेवर घेतलं होतं आणि पोरीचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं होतं. तिचे हात कोपरापर्यंत निळे, कामावरून उठून पळालेली तशीच. त्याला पाहून ती पुढं आली नाही. एक पाऊल मागं सरली.

"चल," तो म्हणाला. "चल लवकर, वारा फिरला. तुम्ही आला का नाहीत? सगळे गेले."

"तू पेटवत होतास."

"अगं, ते..."

"मी कणसांच्या कडेपर्यंत येऊन पाहिलं. बाबा म्हणाले, चल, बाहेरून बाई बोलली ते खरं असेल. मी म्हटलं, तुम्ही जा. धक्क्याच्या तोंडाशी तू उभा होतास. तुझ्या हातात पलिता होता." ती रडत नव्हती. तिचा आवाज घोगरा झाला होता. परवापासून तीच खोकत असावी. "आम्ही आत आहोत हे तुला ठाऊक होतं?"

"नाही. देवाशपथ नाही. तुम्ही गोदामात आहात असं त्यानं सांगितलं."

"आणि बाकीचे? ते होते हे ठाऊक होतं?"

"ते निघावेत म्हणूनच तर धूर केला. दादानं ठरवलं, आत्यानं, सगळ्यांनी..."

"पेटवायला कबूल झालास तेव्हा ठाऊक होतं की नंतर कळलं?"

मागं पहिली कणसं तडतडली. तो खोटं बोलू शकला असता. पडवीत आपण काय म्हणालो होतो ते त्याला आठवलं, आणि ते तिला न सांगताच दिसतंय असं वाटलं.

"नंतर," तो म्हणाला.

बबडीनं मान वळवायचा प्रयत्न केला. आईनं ती पुन्हा दाबून धरली. त्यानं दोन्ही हात पुढं केले, पोरीला घेण्यासाठी. ती त्या हातांकडं बघत राहिली. काजळी लागलेले होते ते, मनगटापर्यंत. तडतड वाढत होती, धग पाण्यावरून सरकत येत होती.

"तिला माझ्याकडंच राहू दे," ती म्हणाली. "तू पुढं चल."

तो वळला आणि चरीच्या दिशेनं चालायला लागला. थोडं गेल्यावर थांबला. मागं पाणी हललं नव्हतं. त्याला हाक मारायची होती, पण कुठल्या तोंडानं मारणार. तो तसाच उभा राहिला, पाणी हलण्याची वाट बघत, आणि ते हलायला फार वेळ लागला.